चौथ्या खोलीचा कागद

काशीद, १६ जुलै

चि. कल्पिता,

तुला आणि हर्षदरावांना आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरी सगळं ठीक आहे. माझे गुडघे सोडले तर कुणाचं काही दुखत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू विचारतेस, ‘बरे आहात ना?’ मी म्हणतो, ‘बरा आहे.’ आणि मग काशीद ते नागपूर एवढी लांब शांतता आपण दोघं कानाला लावून बसतो. शिवाय काम इंग्रजीचं आहे. इंग्रजी मला ऐकू येत नाही, कागदावर असलं तर थोडंफार दिसतं. आणि तू कॉलेजात तेच शिकवतेस.

विनेशने मागच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या, ते तुला ठाऊक आहे. भाविका त्या नेटाने चालवते. आपली सून म्हसळ्याची, पण आता मुंबईच्या गिऱ्हाइकाशी बोलताना तिचं हिंदी ऐकावं. मात्र येणारा प्रत्येक जण तेच ते विचारतो. लाइट का गेली, पाणी मचूळ का लागतं, नळाजवळचा साबण कुठे गेला. उत्तरं देऊन ती दमली. म्हणून विनेशने ठरवलं, या घरात काय काय होत असतं ते एका पानावर इंग्रजीत लिहायचं, प्लास्टिकमध्ये घालायचं आणि प्रत्येक खोलीत टांगायचं. माझी जुनी अकरावी, आणि अक्षर बरं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मसुदा सोबत आहे. मी अडलोय एकाच ठिकाणी, पण ते ठिकाण दर ओळीत येतं. आता बघ, लाइट जाते. रोज जात नाही, पण जाते. नुसतंच ‘गोज’ लिहिलं तर पाहुणा म्हणेल, इथे रोजच अंधार. मग ‘कॅन गो’ म्हणू, की ‘मे गो’? कावळे साबण नेतात, हे मात्र रोजचं. त्याला मी ‘विल’ लावलाय. पण वाचताना वाटतं, कावळ्यांनी तसं वचनच दिलंय.

भाविका म्हणाली, चार प्रती करू. मी म्हटलं, खोल्या तर तीन. ती विनेशकडे बघायला लागली. विनेश पंप खोलून बसला होता, मान वर न करता म्हणाला, “दिवालीला गर्दी आसते. समुद्राकडची पन चालू करू. पाच वरसं बंद हाय. कागुद जाला का चारीत एकदम लावून टाकू, आन मंगच उघडू.”

समुद्राकडची म्हणजे तुझी. तुला कळवावं म्हणून लिहीत नाही, ओघात आलं. तुझं कुलूप जसंच्या तसं आहे.

सवडीने बघ. घाई नाही.

तुझा
आबा

काशीद, ६ ऑगस्ट

चि. कल्पिता,

कागद पोचला. आधी उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग पुढची वाचली.

एवढं लाल पुष्कळ दिवसांनी पाहिलं. एकही ओळ तू सोडली नाहीस. आणि समासात बारीक अक्षरात नियम लिहिलेस: जे नेहमी होतं ते साध्या वर्तमानात, अधूनमधून होतं त्याला कॅन, ज्याचा तो स्वभावच आहे त्याला विल, मे पुस्तकी वाटतो, घरात नको. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. पण ‘घरात नको’ असं लिहिलंस. त्या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ बसलो. चहा निवला.

नियम मला लगेच पटले, कारण मी रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर आयुष्यभर हेच केलं. नियंत्रकाच्या खिडकीशी माणसं विचारायची, ‘मुरुडची गाडी?’ आणि त्या एका प्रश्नाला माझ्याकडे किती उत्तरं. सकाळची गाडी ‘येते’. दुपारची ‘येईल’. पावसाळ्यातली संध्याकाळची ‘येऊ शकते’. आणि बाळंतपणाला माहेरी निघालेली एखादी पोर बाकावर बसलेली असली, की घड्याळाकडे न बघताच मी म्हणायचो, ‘यायला हवी आता.’ माझं व्याकरण खिडकीसमोरच्या तोंडावर ठरायचं. तू म्हणशील हे शास्त्र नव्हे. खरं आहे.

तुझ्या लाल खुणा बघून सायकल आठवली. तुला पुढच्या दांडीवर बसवून मी शाळेत सोडायचो आणि सुरूच्या बनातून जाताना माझ्या शाळेतल्या कविता म्हणायचो. त्यात एक समुद्राची होती. कवीने समुद्र पाहिलेला नसावा, कारण तिच्यात लाटा सारख्या हसतच असायच्या. मी मधलीच एक ओळ गाळायचो. की लगेच दांडीवरून आवाज यायचा, “आबा, चुकलात.” तुला वाटायचं मी विसरभोळा. मला ती ओळ आजही पाठ आहे. तू मागे वळून, कपाळाला आठ्या घालून, मला रागवायचीस, ते बघायला मी ती गाळायचो. सायकल एकदोनदा कुंपणात गेली त्यापायी.

असो. तू सगळं इतक्या झटपट दुरुस्त केलंस की माझी पंचाईत झाली. विनेश म्हणाला, “जाला ना? उद्या अलिबागला जातंय, प्लास्टिक करून आनतू.”

“थांब,” मी म्हटलं, “समुद्र राहिलाय.”

“समुद्राचं काय लिवायचं? समोरच तर हाय.”

“म्हणूनच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खांदे उडवून गेला. तेव्हा समुद्राचा नवा कागद सोबत पाठवतो. इथे तुझी खरी गरज आहे. आपला किनारा दिसायला गरीब, पण गुडघाभर पाण्यात पायाखालची वाळू काढून घेतो. याला कॅन लिहिलं तर पोरं म्हणतात, कधीतरी होत असेल, आज नाही. विल लिहिलं तर कुणी पाण्याकडे फिरकणारच नाही आणि विनेशचा धंदा बसेल. माणूस वाचेल, आणि तरी त्याने पाणी बघावं, असा शब्द हवा. आहे का तुमच्याकडे?

परवा नारळी पौर्णिमा. भाविका नारळीभात करणार आहे. तुझ्या आईसारखा होत नाही, पण लवंग घालायची आठवण ती ठेवते.

आबा

काशीद, ४ सप्टेंबर

चि. कल्पिता,

समुद्राचा कागद आला. तू त्या ओळीत विल ठेवलास, पण पुढे ‘इफ’ लावून पाहुण्यालाच अट घातलीस: ओहोटीला आत गेलात तर. छान केलंस. आणि या वेळी सगळा कागद तपासला नाहीस. खालच्या चार ओळींवर नुसती पेन्सिलची रेघ, ‘या पुढच्या वेळी.’ पुढच्या वेळी असं वाचून मी भाविकाला हाक मारली आणि मग तिला सांगायला काही सुचेना. म्हटलं, “पाणी दे.”

गौरी परवा गेल्या. घावन-घाटलं झालं होतं. भाविकाने वाढताना विचारलं, “तायना घाटलं आवडायचं ना, आबा?” मी हो म्हटलं. विनेश ताटावरून उठला, पंपाचं काहीतरी राहिलंय म्हणाला. तो पंप एवढा काही बिघडलेला नाही.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी ठमी आली, कोळीवाड्यातली, तुझ्या आईची मैत्रीण. आता म्हातारी झाली, पण टोपली अजून स्वतःच उचलते. ओटीवर बसली आणि माझ्या पुढ्यातला कागद बघून म्हणाली, “काय रं दयाराम, तुजा कागुद अजून न्हाय जाला? तवर आमची नवी बोट बांधून जाली.”

“इंग्रजी आहे ठमे. वेळ लागतो.”

“वेल लागतो का तू लावतंस?”

मी चष्मा पुसायला घेतला. कल्पू, शाळेत न गेलेल्या बाईसमोर चष्मा पुसून भागत नाही.

“पोरगी त्या झाडावरनंच रुसली ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, व्हय. आणि मग तिला सगळं सांगावं लागलं, कारण ती त्या दिवाळीला तिच्या लेकीकडे उरणला होती. वादळाच्या वर्षी दिवाळीला तू आलीस, विहिरीजवळ आईच्या जामाच्या झाडाचा नुसता बुंधा दिसला. तू चपला न काढता तिथेच उभी राहिलीस आणि विनेशला म्हणालीस, “आईचं झाड तुला गाड्या लावायला नडलं का?” आणि त्याने सांगितलं, “व्हय, नडलं.” एवढंच झालं. तू तुझ्या खोलीला कुलूप घातलंस, चावी पर्समध्ये टाकलीस, म्हणालीस, “आता या घरात गिऱ्हाइकंच राहू देत.” चहा तसाच राहिला.

ठमीने ऐकून घेतलं. मग टोपली डोक्यावर घेताना म्हणाली, “तुजी दोनी पोरां नीराबाईवर गेलीत. ती पन अशीच, जखम जाली का वर मीठ लावून दाखवायची, का मना काय दुखत न्हाय.”

तुझ्या आईबद्दल एवढं खरं मीही कधी बोललो नव्हतो.

पहिला कागद स्वच्छ उतरवून, त्याखाली उरलेल्या चार ओळी आणि शिवाय माकडांची एक घालून, सोबत. माकडं फणसाडच्या जंगलातून उतरतात. कधी उतरतात, कधी नाही. हा कॅन की विल, तूच ठरव.

आबा

काशीद, २४ सप्टेंबर

चि. कल्पिता,

आज तुझ्याशी थोडं जपून बोलायचं आहे.

माकडांची ओळ परत आली. त्यात तू विल लिहिलंस, ते ठीक. पण तिच्या वर, कावळ्यांच्या ओळीत, जिथे जुलैत तू स्वतः विल कायम केला होतास, तिथे आता कॅन आहे. आणि समासात, ‘पुन्हा विचार करावा. पुढच्या खेपेला पाठवा.’ मी आधीचा कागद काढून शेजारी ठेवला. अक्षर तुझंच, शाई तीच.

काशीदच्या कावळ्यांचा स्वभाव दोन महिन्यांत बदललेला नाही. आज सकाळीच एकाने नवी वडी नेली.

मी नियंत्रक होतो, बाय. चांगला ड्रायव्हर, सरळ रस्ता, आणि तीच गाडी रोज थोडी थोडी उशिरा यायला लागली, की मला कळायचं, वाटेत कुणीतरी हात करतंय आणि हा थांबतोय. मी कधी त्या ड्रायव्हरला विचारलं नाही. वहीत ‘उशीर’ लिहायचो आणि कारणाच्या जागी पाऊस.

तेव्हा तुलाही विचारत नाही. कावळ्यांवर पुन्हा विचार करतो आहे, एवढंच विनेशला सांगितलं.

तो मात्र आता कंटाळला. परवा त्याने फोन काढला, माझा मूळ मराठी मसुदा त्यात बोलला, आणि भाजी निवडून व्हायच्या आत अख्खा कागद इंग्रजीत तयार. म्हणाला, “बगा आबा. याच्यासाठी तुमी पावसाला घालवला.” मी वाचला. चूक एकही नाही. सगळीकडे मे. लाइट मे, पाणी मे, कावळे मे. बँकेतल्या नोटिशीसारखा गुळगुळीत. मी काही बोलणार तोच भाविकाने विचारलं, “काय लिहिलंय ते मराठीत सांगा.” मी सांगितलं. ती म्हणाली, “हे कुणाचं पन घर वाटतंय. आपलं न्हाय वाटत. मी न्हाय लावनार हा कागुद.”

विनेशने फोन खिशात टाकला. बायकोशी तो कागदावरून भांडत नाही, हे त्याचं शहाणपण. पण माझ्यासमोरून जाताना पुटपुटला, “सगल्यांनी मिलून चालवलंय.”

खोबरं वाळत घातलंय. उन्हं बरी पडतायत. तुझ्या खिडकीवर बाहेरून वेल चढली होती, ती मी काढली. काचेतून आत पाहिलं नाही.

आबा

काशीद, ९ ऑक्टोबर

चि. कल्पिता,

हे पत्र वाचून रागावशील. कुणावर, ते तूच ठरव.

काल संध्याकाळी पाकीट चिकटवत होतो. विनेश समोर येऊन बसला. एरवी तोच ते मोटरसायकलवर नांदगावच्या पोस्टात नेऊन टाकतो.

“आबा,” म्हणाला, “दर येलेला मीच पाकीट टाकतंय. मना कलत न्हाय असं वाटतं का तुमाला?”

“काय कळतं?”

“का हा कागुद व्हनार न्हाय.”

मी डिंकाचं बोट पुसत राहिलो.

“माजी हरकत न्हवती,” तो म्हणाला. “मना वाटलं, लिवता लिवता येल. पन ती लालच शाई पाठवते. तिला लिवा, भाऊबीज जाली का मी कुलूप काडनार. यायची आसंल तर यावी.”

“आणि नाही आली तर?”

“न्हाय आली तर खोली चालू करायची. दारातनं वास यायला लागलाय आबा. बंद ठेवून ठेवून भिंती सुटतील. घर हाय ते, देऊल न्हाय.”

यात त्याचं काही चुकलं नाही. आता जे लिहितोय ते लिहू नका असं त्याने मला पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. काल मी त्याला म्हटलं, मी लिहिणार आहे. तो म्हणाला, “मना काय करायचंय, लिवा.” म्हणून लिहितो.

वादळाने जाम पाडला नव्हता, विहिरीवर आडवा झुकवला होता. अर्धी मुळं वर. सगळी वाडी झोपली होती, सुपारीची झाडं एकावर एक पडलेली, घरावर कौल नव्हतं. आणि विनेशने पहिलं काय केलं, तर ठमीकडून जाळ्याचे जाडे दोर आणले आणि तो जाम मागच्या भिंतीला बांधला. छप्पर दुसऱ्या दिवशी. मी रागावलो होतो त्याच्यावर. तो म्हणाला, “ताय येल तवा उभा पायजे.” पावसाळाभर त्याने मुळांवर माती ओढली, खाली नारळाची सोललेली सोडणं रचून टेकू दिला. गणपतीत पालवी आली. नवरात्रात ती काळी पडली, आणि झाड आतून पोकळ वाजायला लागलं. दोर सुटला असता तर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या अंगावर आलं असतं. तेव्हा त्याने ते काढलं. स्वतः काढलं, माणूस लावला नाही.

आणि तू आलीस, आणि तो प्रश्न विचारलास, तसा विचारलास. तो मला नंतर म्हणाला, “तिनी काय जालं असं इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. नडलं का, असं इचारल्यावर काय सांगू?”

आणखी एक. खोडाचा बराचसा भाग कुजका निघाला. जो घट्ट होता त्याचा त्याने सुताराकडून एक पाट करून घेतला. त्याच दिवाळीला तुझ्या हातून भाऊबीजेला त्यावर बसायचं म्हणून. तो पाट माळ्यावर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. अजून त्यावर कुणी बसलेलं नाही. दर भाऊबीजेला त्याला सकाळीच अलिबागचं काम निघतं.

कागद सोबत आहे. एक नवी ओळ घातली आहे, सगळ्यात खाली: बंद ठेवलेल्या खोलीला वास येतो. क्रियापद मोकळं सोडलंय. कॅन म्हणू, की विल, की नुसतंच? मला ठरवता येत नाही. माझ्या स्टँडच्या अनुभवाने तर मी ‘यायला हवी’ एवढंच म्हणू शकतो, आणि ते या वाक्यात बसत नाही.

आबा

काशीद, २३ ऑक्टोबर
भाऊबीज, दुपार

चि. कल्पू,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू भिंतीपलीकडे झोपली आहेस, आणि मी ओटीवर बसून लिहितोय. तीन महिन्यांची सवय, हात राहत नाही. लिहून झालं की दाराखालून सरकवीन.

धनत्रयोदशीला तुझा कागद आला, तेव्हा ओटीवर सगळेच होते. माझी शेवटची ओळ तू आडव्या रेघेने पूर्ण खोडली होतीस. आणि खाली, पहिल्यांदाच मला हाक मारून, ‘आबा, हे वाक्य काढून टाका. खिडक्या उघडायला मी येते आहे. कुलपाला खोबरेल घालून ठेवा. तोडू नका, चावी माझ्याकडे आहे.’ मी ते मोठ्याने वाचलं. भाविका आत गेली आणि नारळ खवायला लागली, नारळ लागणार कशाला याचा विचार न करता. विनेशने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, परत दिला. मग गंजलेल्या कुलपाला खोबरेल घालायला गेला. रोज घालत होता तेव्हापासून. आज तुझी चावी एका फेऱ्यात लागली ती त्याची करामत.

सकाळचं सगळं तुझ्यासमोरच झालं, ते तुलाच काय सांगू. दारात भाविकाने तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तो कावळ्याने जमिनीवर पडायच्या आत उचलला, तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “विलच बरोबर होता, आबा.” पाच वर्षांनी या घरात तुझ्या तोंडून पहिलं वाक्य हे. मला तेवढं पुरलं. हर्षदराव मात्र बॅग घेऊन उभेच राहिले बिचारे, त्यांना हसावं की नाही कळेना.

विनेश पाटावर बसला. तू ताट खाली ठेवलंस आणि आधी त्याच्या गुडघ्याशी, पाटाच्या कडेवर, हात फिरवलास.

“जाम हाय,” तो म्हणाला.

“कळलं.”

“कडेला जरा फाटलाय. सुतार बोलला व्हता, जाम पाटाला चालत न्हाय.”

“चालतंय की. बसलायस ना.”

मग तू त्याला ओवाळलंस. कुंकू लावताना तुझं बोट जरा जास्त दाबलं गेलं, तो “ताय, डोकं फोडशील,” म्हणाला, आणि झालं. झाडाबद्दल तुम्ही दोघं एवढंच बोललात. मी आणखी ऐकायची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

आता जे तू पाहिलं नाहीस ते.

जेवणं झाल्यावर तू आत जाऊन पडलीस. समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकून. वाऱ्याने तुझं दार जरा हललं आणि आतला वास बाहेर आला, कोंदट, आईच्या ट्रंकेचा. ओटीवर मी आणि विनेश. त्याने माझ्यापुढचा कागद उचलला. तुझ्या शेवटच्या दुरुस्त्यांसकट मी तो स्वच्छ उतरवून काढला होता, सगळ्या ओळी, लाइट, पाणी, कावळे, माकडं, समुद्र. त्याने अक्षरं बघितली, इंग्रजी वाचतोय असं तोंड केलं.

“ताय कवा जानार?” त्याने हळू विचारलं.

“परवाची गाडी आहे म्हणाली.”

“परवा?”

“तिने भाविकाला सांगितलं, कागद शेवटचा बघून देते आणि निघते.”

त्याने तुझ्या दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला.

“आबा, ह्यात आता चुका हायत का?”

“नाहीत. अगदी बरोबर झालाय.”

“एक पन न्हाय?”

“एकही नाही.”

त्याने कागद माझ्या मांडीवर ठेवला, खिशातून स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं.

“मंग घाला ना,” म्हणाला. आणि पंप बघायला गेला.

तेव्हा मी बसून कामाला लागलो. किती घातल्या ते सांगत नाही. काही ठळक आहेत, काही अशा आहेत की तुलाही दोनदा वाचावं लागेल. एक ओळ तर पूर्ण गाळली आहे, कुठली ते ओळखायचं काम तुझ्यावर. भाविका म्हणते, रात्री घाटलं करते, आणि तीन प्रती झाल्या तरी पुरे, खोल्या तीनच आहेत.

कागद तुझ्या उंबऱ्याशी ठेवतो, वर लाल पेन. ऊन उतरलं की ऊठ, तोंड धू, चहा घे. मग बघ.

घाई नाही.

आबा